विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील इंग्रज अधिकारी, संख्याशास्त्रज्ञ, हवामानाचे अभ्यासक आणि निसर्गसंशोधक होते. दख्खनमधील लोकसंख्या, जमीनधारा, पाऊस, पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे अशा अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. भीमा व तिला मिळणाऱ्या नद्यांतील गोड्या पाण्याच्या माशांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद त्यांच्या नावावर आहे. या नोंदीतील अनेक जातींना त्यांनी नदीकाठी प्रचलित असलेली मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. शिंगाळा या मोठ्या मार्जारमीनाचे शास्त्रीय नाव त्यांपैकी सर्वाधिक परिचित आहे. पुढे ते कंपनीचे अध्यक्ष आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य झाले.

सुरुवातीचे जीवन व लष्करी सेवा

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळ झाला. १८०३ मध्ये, अजून किशोरवयात असतानाच, ते कॅडेट म्हणून कंपनीच्या सेवेत दाखल झाले व पुढच्या वर्षी त्यांना मुंबई सैन्यात अधिकारपद मिळाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्याच्या वेळी ते उपस्थित होते. १८१० पर्यंत हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाषाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले होते. कंपनीचे बहुतेक अधिकारी हुकूम देण्याइतपत हिंदुस्थानी शिकून थांबत. साइक्स यांनी मराठी शिकून घेतली, आणि त्यांचे पुढचे जवळजवळ सर्व संशोधन या भाषेच्या आधारावर उभे राहिले.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांनी देशी शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व केले. ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आणि त्याच महिन्यातील पुण्याची लढाई या दोन्हींत ते होते. नंतर डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमेतही त्यांनी भाग घेतला. खडकीच्या लढाईच्या दिवशी मुळा व मुठा यांच्या संगमावरील ब्रिटिश रेसिडेन्सी जाळली गेली होती. आपल्या मत्स्यविषयक लेखनात माशांचे ठिकाण म्हणून साइक्स ज्या नदीचा वारंवार उल्लेख करतात, ती याच संगमापासून पुढे वाहणारी मुळा-मुठा होय. १८१९ मध्ये त्यांना कॅप्टनपदी बढती मिळाली. १८२० ते १८२४ या काळात रजा घेऊन त्यांनी युरोपात प्रवास केला.

सांख्यिकी वृत्तलेखक

ऑक्टोबर १८२४ मध्ये साइक्स मुंबईला परतले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांची मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून नेमणूक केली. पेशवाई संपून सहा-सात वर्षेच झाली होती. नव्या मुलखात गावे किती, माणसे किती, जमिनीचे प्रकार व सारा कसा, कोणती पिके येतात, कोणते हक्क वंशपरंपरागत आहेत, याची एकत्रित माहिती नव्या राज्यकर्त्यांना हवी होती. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरून साइक्स यांनी ती गोळा केली. दख्खनच्या लोकसंख्येची गणना, दोन विस्तृत सांख्यिकी अहवाल आणि चित्रांसहित एक निसर्गविषयक अहवाल हे या कामाचे फलित होय.

डिसेंबर १८२९ मध्ये हे पद रद्द करण्यात आले. तोपर्यंत साइक्स मेजर झाले होते, पण काम अपुरे होते. त्यांनी लष्करी कामातून रजा मिळवली आणि या पदाचा पगार नसतानाही काम चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करून मगच ते मायदेशी निघाले. सरकारने ज्या कामाला अनावश्यक ठरवले त्यावर एका अधिकाऱ्याने स्वतःच्या इच्छेने वर्षभर खर्च करणे ही कंपनी सरकारच्या काळात विरळ गोष्ट होती. माशांची चित्रे व टिपणे याच अहवालाच्या कामातून साठली.

याच वर्षांत त्यांनी वायुभारमापक व तापमापक घेऊन हवामानाची नियमित निरीक्षणे केली. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो, आणि हा क्रम अत्यंत नियमित असतो, हे त्यांनी दाखवले. या विषयावरील त्यांचा निबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेरूळच्या लेण्यांवर आणि दख्खनमधील कोळीसुरा या रेशीमकिड्यावरही त्यांनी लिहिले आहे.

पक्षी व सस्तन प्राणी

साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात प्रसिद्ध केली. तीत दोनशेहून अधिक जाती असून त्यांपैकी ५६ त्या वेळी विज्ञानाला नव्या मानल्या गेल्या. भारतात सर्वत्र पाणथळ जागी दिसणारा वंचक (आर्डिओला ग्रेयाय) हा त्यांपैकीच एक. पक्ष्यांची नावे ठेवतानाही स्थानिक रंग आढळतो. एका चंडोलाला त्यांनी देवा हे जातिनाम दिले, एका लहान वटवट्याला रामा, तर एका रातव्याला महराटेन्सिस, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. हे तिन्ही पक्षी इंग्रजीत आजही साइक्स यांच्या नावाने ओळखले जातात. रानकुत्रा किंवा कोळसून याचे दख्खनवरून ठेवलेले कॅनिस दुखुनेन्सिस हे नाव त्यांनी १८३१ मध्ये दिले होते. पुढे ही वेगळी जाती नसल्याचे ठरून ते नाव मागे पडले.

दख्खनचे मासे

दख्खनच्या माशांवरील निबंध साइक्स यांनी १८३८ मध्ये झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडला. त्याचा सारांश १८३९ मध्ये छापला गेला, म्हणून या जातींच्या नावापुढे साइक्स, १८३९ असे लिहिण्याची पद्धत आहे. चित्रांसह संपूर्ण निबंध १८४१ मध्ये संस्थेच्या ग्रंथमालेत आला. त्यात चाळीसहून अधिक जातींची वर्णने आहेत व बहुतेक जाती नव्या म्हणून दिलेल्या आहेत.

स्थानिक नावे शास्त्रात आणण्याचा पायंडा त्यांच्या आधी फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन यांनी घातला होता. गंगेच्या माशांवरील १८२२ च्या ग्रंथात हॅमिल्टन यांनी बंगाल-बिहारकडील बोलीनावांना लॅटिन वळण देऊन वापरले. साइक्स यांनी मराठी नावांना असे वळण फारसे दिले नाही. शब्द कानावर जसा पडला तसा त्या काळच्या इंग्रजी पद्धतीने लिहून त्यांनी तो तसाच ठेवला. दीर्घ ईकारासाठी दोन ई आणि दीर्घ ऊकारासाठी दोन ओ अशी ती पद्धत होती. त्यामुळे ही नावे रोमन लिपीत प्रथम पाहताना परकी वाटतात, पण मोठ्याने वाचली की त्यांतून मराठी शब्द ऐकू येतो. त्यांच्या लेखनात दख्खन दुखुन होते, भीमा बीमा होते, आणि मुळा-मुठेचे मोटा-मोला होते. माशांच्या जातिनामांत ताकरी, गूंगवारी, लोनाह, मुल्या, बोगट, पोटेल, कोलुस, खुद्री, मुसुल्ला असे शब्द आले आहेत. एका माशाच्या संपूर्ण प्रजातीलाच त्यांनी रोहटी हे नाव दिले. कृष्णा व गोदावरी खोऱ्यांत आढळणारा रोहटी ऑगिल्बियाय हा चपटा, रुपेरी मासा आजही त्याच नावाने ओळखला जातो.

नावांचा दुसरा गट लंडनमधील परिचितांच्या सन्मानार्थ ठेवलेला आहे. विल्यम ऑगिल्बी, निकोलस व्हिगर्स, जॉन जॉर्ज चिल्ड्रन आणि विल्यम यॅरेल या प्राणिशास्त्रज्ञांची नावे अशा रीतीने भीमेच्या माशांना चिकटली. दख्खनच्या नद्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्या भोई-कोळी समाजांचे शब्द शास्त्रात आले, पण त्यांतल्या एकाही व्यक्तीचे नाव कोणत्याही माशाला मिळालेले नाही.

मार्जारमीन

निबंधातील सर्वांत महत्त्वाचा भाग मार्जारमीनांचा, म्हणजे अंगावर खवले नसलेल्या व तोंडाभोवती मिशा असलेल्या माशांचा आहे.

शिंगाळा या माशाला साइक्स यांनी प्लॅटिस्टोमा सीनघाला असे नाव दिले. पसरट मुस्कटामुळे त्यांनी तो तशाच मुस्कटाच्या माशांच्या प्रजातीत घातला होता. पुढे वर्गीकरण बदलत गेले आणि आज तो स्पेराटा सीनघाला या नावाने ओळखला जातो. लांबट, रुपेरी-करडे अंग, चपटे डोके, मागे पोहोचणाऱ्या मिशा आणि पाठीवरच्या मांसल परावरील ठळक काळा ठिपका ही त्याची ओळख होय. तो दीड मीटरपर्यंत वाढू शकतो. विणीच्या काळात तो तळाच्या मातीत खळगा करून अंडी घालतो आणि नर पिलांची राखण करतो. अंगात आडवे काटे नसल्याने तो खाण्यास सोपा असून बाजारात त्याला चांगली मागणी असते. हा मासा गंगा व सिंधू खोऱ्यांतही आढळतो. त्यामुळे उत्तर भारत, पाकिस्तान, नेपाळ व बांगलादेशातील मत्स्यशास्त्रीय लेखनातही पुण्याकडच्या बोलीतला हा शब्द शास्त्रीय नाव म्हणून वापरला जातो.

दुसरा मोठा मार्जारमीन साइक्स यांना पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला. त्याला त्यांनी बॅग्रस यॅरेलाय असे नाव दिले. विल्यम यॅरेल हे लंडनमधील वृत्तपत्रविक्रेते व पुस्तकविक्रेते असून ब्रिटिश माशांवरील १८३६ च्या प्रसिद्ध ग्रंथाचे लेखक होते. बॅगॅरियस प्रजातीत समाविष्ट केलेला हा मासा उत्तर भारतात गूंच म्हणून परिचित आहे. रुंद व दबलेले डोके, खालच्या बाजूला उघडणारे मोठे तोंड, खरखरीत कातडी, अंगावर गडद पट्टे आणि लांब टोके काढलेले पर असे त्याचे रूप आहे. जोरदार प्रवाहात खडकांच्या आडोशाला, खोल डोहाच्या तळाशी तो दबा धरून बसतो आणि जवळ येणारे मासे गिळतो. गूंच दोन मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. एवढा मासा पुण्याच्या नदीत मिळत होता यावरून त्या काळच्या डोहांच्या खोलीची आणि पाण्याच्या स्वच्छतेची कल्पना येते.

यॅरेलाय हे नाव स्वतंत्र जातीचे आहे की हॅमिल्टन यांनी आधी वर्णन केलेल्या बॅगॅरियस बॅगॅरियसचेच दुसरे नाव आहे, हा वाद दीर्घकाळ चालू आहे. १९८३ मध्ये टायसन रॉबर्ट्स यांनी या प्रजातीचा आढावा घेताना लहान आकाराची जाती हॅमिल्टन यांच्या नावाखाली आणि मोठी जाती साइक्स यांच्या नावाखाली वेगळी केली. अलीकडे काही संशोधकांनी ही दोन्ही नावे पुन्हा एकत्र केली आहेत.

सिलोनिया चिल्ड्रेनी हा तिसरा उल्लेखनीय मार्जारमीन होय. त्याला साइक्स यांनी ब्रिटिश म्युझियममधील जॉन जॉर्ज चिल्ड्रन यांचे नाव दिले. हा चपळ शिकारी मासा भारतीय द्वीपकल्पातील नद्यांपुरता मर्यादित असून आज संकटग्रस्त मानला जातो. ताकरी, गूंगवारी आणि इच्किया या लहान, चपट्या अंगाच्या जाती आणि खडकाळ ओढ्यांतील लोनाह या जातीही साइक्स यांनीच प्रथम नोंदवल्या व त्या आजही मान्य आहेत.

नावांविषयीचे वाद

साइक्स यांची वर्णने त्या काळच्या मानानेही त्रोटक आहेत. परांतील काट्यांची संख्या, रंग, आकार, ठिकाण आणि स्थानिक नाव एवढ्यावर अनेक वर्णने संपतात. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्यांवरून ही वर्णने केली त्या माशांचे मूळ नमुने बहुतेक जातींच्या बाबतीत उपलब्ध नाहीत. एखाद्या जातीबद्दल शंका आली तर संग्रहालयातली बाटली उघडून पाहण्याचा मार्ग येथे बंद आहे. उरतात ती चित्रे, थोड्या ओळी आणि नदीचे नाव. त्यामुळे संशोधकाला पुन्हा त्याच नदीवर जाऊन, तेथील मासेमार कोणत्या माशाला ते नाव देतात हे विचारावे लागते. मराठी नाव जपण्याची साइक्स यांची सवय अशा वेळी पुराव्याच्या कामी येते.

मुसुल्ला या जातीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीतून वर्णिलेला हा मासा दीर्घकाळ महसीर समजला गेला आणि हे नाव काही काळ दक्षिणेतील कावेरीच्या कुबडदार, नारिंगी परांच्या महसीरासाठी वापरले गेले. मूळ वर्णन व कृष्णा खोऱ्यातील मासे पुन्हा तपासल्यावर साइक्स यांचा मासा महसीरांच्या टॉर प्रजातीतील नसून हिप्सेलोबार्बस या दुसऱ्याच प्रजातीतील असल्याचे मत मांडले गेले. कावेरीचा मासा टॉर रेमादेवियाय म्हणून ओळखण्यात आला, तो २०१८ मध्ये. एवढा प्रसिद्ध मासा इतकी वर्षे दुसऱ्या नदीच्या माशाचे नाव घेऊन वावरला, यात साइक्स यांच्या त्रोटकपणाचा वाटा आहे. मात्र मूळ वर्णन नीट न वाचणाऱ्यांचा वाटा त्याहून मोठा म्हणावा लागेल. साइक्स यांनीच मुळा-मुठेतून वर्णन केलेला टॉर खुद्री हा दख्खनी महसीर मात्र खरोखरच महसीर आहे.

इंग्लंडमधील आयुष्य

१८३१ मध्ये लेफ्टनंट कर्नल झालेले साइक्स १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १८३५ ते १८४५ या काळात मनोरुग्णांच्या संस्थांवर देखरेख करणाऱ्या आयोगावर त्यांनी काम केले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते व १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांना १८५८ मध्ये मिळाले.

१८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर आले आणि १८५६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. १८५७ मध्ये ॲबरडीन मतदारसंघातून ते लिबरल पक्षातर्फे संसदेवर निवडून गेले. भारताचा कारभार १८५८ मध्ये कंपनीकडून ब्रिटिश राजसत्तेकडे गेला, पण साइक्स यांची संसदेतील जागा मृत्यूपर्यंत टिकली. चीनमधील ताइपिंग उठावाविषयी त्यांनी सहानुभूतीने लिहिले, जे तत्कालीन ब्रिटिश धोरणाशी जुळणारे नव्हते. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

पुण्याच्या नद्या व नंतरचे संशोधन

साइक्स यांची यादी पुण्याच्या नद्यांसाठी आरंभबिंदू ठरली आहे. १९४२ मध्ये ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला, १९४४ मध्ये सूटर यांनी त्यात भर घातली, आणि त्यानंतरही नव्या याद्या प्रसिद्ध होत राहिल्या. अशा याद्यांतून कोणती जाती टिकली व कोणती गेली हे ठरवताना तुलनेसाठी सर्वांत जुना पुरावा १८३९ चा आहे. मधल्या काळात मुठेच्या खोऱ्यात खडकवासला व पानशेत आणि भीमेवर उजनी ही धरणे झाली. वाहते पाणी अडल्याने प्रवाहात राहणाऱ्या माशांचे अधिवास आटले, शहराचे सांडपाणी नदीत येऊ लागले, आणि तिलापियासारखे परदेशी मासे पसरले. मुळा-मुठेच्या शहरातील पात्रात आज गूंच किंवा महसीर यांना जगण्याजोगे पाणी राहिलेले नाही. ज्या नदीवरून या माशांना शास्त्रीय नावे मिळाली तेथे ते पाहायला न मिळता सह्याद्रीतील वरच्या प्रवाहांत व इतर खोऱ्यांत शोधावे लागतात.

मराठी नावे देण्याची पद्धत पुढेही अधूनमधून चालू राहिली. १९५२ मध्ये सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतून एका लहान मार्जारमीनाचे वर्णन केले. हा मासा इतर माशांच्या अंगावरील खवले ओरबाडून खातो. स्थानिक लोक त्याला ज्या नावाने ओळखत, तेच त्यांनी शास्त्रीय नावात घेतले: खवलचोर. ही जाती आता पॅकिप्टेरस या प्रजातीत ठेवली जाते.